कापडी तांबट शिवताना या चुका टाळा

हाताने शिवलेला पक्षी खरा वाटत नाही, तेव्हा बहुतेक जण दोष रंगाला देतात. प्रत्यक्षात दोष क्वचितच तिथे असतो. पक्षी दुरूनही ओळखू येतो तो त्याच्या बाह्याकृतीवरून, म्हणजे डोके किती मोठे, मान किती आखूड आणि बसण्याची ढब कशी यावरून. ही आकृती बिघडते ती कागदी नमुना, कापणी आणि भरण या टप्प्यांवर, आणि एकदा बिघडली की नंतर कितीही बारकाईने केलेल्या रंगकामाने सावरत नाही.

उदाहरणासाठी येथे तांबट घेतला आहे. २०११ साली मुंबईचा शहरपक्षी म्हणून त्याची निवड झाली. वड, पिंपळ, उंबर जिथे टिकून आहेत, तिथे त्याची 'टुक टुक' ऐकू येते. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत तो १५ ते १७ सेंटिमीटर भरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकारात शिवणे सहज शक्य आहे. मात्र लहान पक्ष्यात चुकीला जागा नसते.

पहिली चूक सुईला हात लावण्याआधीच होते. एकाच छायाचित्रावरून, तेही समोरून घेतलेल्या, नमुना काढला जातो. किमान बाजूने, समोरून आणि पाठीमागून अशी तीन चित्रे हवीत आणि बाजूचे चित्र प्रत्यक्ष मापात छापून त्यावरच खाका काढावा. सकाळच्या उन्हात वाळक्या फांदीच्या टोकावर बसलेला तांबट नीट पाहिला, तर तो साळुंकीसारखा आडवा नसून बराच ताठ बसलेला दिसतो, मान जवळजवळ नसतेच आणि शेपटी तोकडी असते. पुष्कळ कापडी तांबट पोपटासारखे दिसतात, कारण त्यांची शेपटी लांबवलेली असते.

कापड निवडताना लवेची, म्हणजे कापडावरच्या उभ्या केसांच्या थराची, लांबी पाहावी. एवढ्या लहान पक्ष्याला लांब केसांचे फर लावले की तो फुगलेल्या पिलासारखा दिसतो. दोन-तीन मिलिमीटर लवेचे मिंकी (खेळण्यांसाठी वापरतात ते मऊ, लवदार कापड) किंवा आखूड लवेची मखमल पुरेशी आहे. मंगलदास मार्केटसारख्या छताखालच्या बाजारात दिव्यांच्या उजेडात हिरवा रंग पसंत करू नये. कटपीस हातात घेऊन बाहेर उन्हात पाहावा, कारण ट्यूबच्या प्रकाशात गवती वाटलेला हिरवा दिवसा निळसर निघू शकतो. कापड दोन्ही दिशांना ताणूनही पाहावे. जास्त ताण पक्ष्याच्या घेराच्या दिशेने आला, तर भरल्यावर पोट सुटते. मांजरपाटाचा कच्चा पक्षी आधी शिवून पाहण्याची सवय उत्तम आहे, पण मांजरपाट ताणत नाही, त्यामुळे त्यात बेताचा वाटलेला नमुना मिंकीत लठ्ठ निघतो, हे गृहीत धरूनच माप थोडे कमी ठेवावे.

कापताना प्रत्येक तुकड्यावर चोचीकडून शेपटीकडे जाणारा बाण काढा आणि लव त्याच दिशेने झोपते ना, ते हात फिरवून तपासा. एका बाजूची लव उलटी गेली, तर एकाच कापडाच्या दोन बाजू दोन वेगळ्या छटांच्या दिसतात आणि यावर पुन्हा कापण्याशिवाय उपाय नाही. डावी बाजू कापल्यावर नमुना पालथा करून उजवी कापायची असते. घाईत दोन डाव्या बाजू कापल्या जाणे फार सामान्य आहे. कात्रीचे फक्त टोक वापरून मागचे विणलेले कापडच कापावे, लव कापू नये.

आता डोक्याची कळी. दोन्ही बाजूंच्या मधोमध, चोचीच्या मुळापासून मानेच्या मागेपर्यंत जाणारी ही चिंचोळी पट्टी पक्ष्याचा चेहरा ठरवते, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच तुकड्यावर द्यायला हवा. कळी फार अरुंद असेल तर डोके दोन्हीकडून दाबलेल्या माशासारखे चपटे होते. कपाळाशी फार रुंद असेल तर डोळे समोर येऊन पक्षी घुबडासारखा पाहू लागतो. चोचीशी अरुंद, डोळ्यांच्या किंचित मागे सर्वांत रुंद आणि मग पाठीच्या शिवणीत विरत जाणारी कळी तांबटाला शोभते. इथे हिशेबही लक्षात ठेवावा. धडाला पाठीची एक आणि पोटाच्या पट्टीच्या दोन अशा तीन शिवणी असतात. प्रत्येक शिवण २ मिलिमीटर आत सरकली, तर दोन्ही कापडांतून मिळून तीन शिवणींत घेर १२ मिलिमीटरने कमी होतो. म्हणून ५ मिलिमीटरचे मार्जिन खुणेवरूनच पाळावे, अंदाजाने नव्हे.

शिवण उलट्या टिपेची, टाके सुमारे २ मिलिमीटरचे ठेवावेत. धावदोऱ्याची शिवण भरताना उसवते. टाका घालण्यापूर्वी लव सुईने आत सारावी आणि सुलट केल्यावर शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर ओढावेत. मग शिवण जवळजवळ दिसेनाशी होते.

भरण्यासाठी फायबर चिमूट-चिमूट, पिंजून वापरावे. मुठीएवढा गोळा कोंबला की त्याचा उंचवटा बाहेरून दिसतोच. डोके आधी आणि धडापेक्षा बरेच घट्ट भरावे, कारण मान लुळी पडण्याचे खरे कारण मानेत नसून अर्धवट भरलेल्या डोक्यात आणि छातीत असते. उंचवटा आला असेल तर लांब सुई बाहेरून खुपसून आतले फायबर हलवता येते. भरण्याची फट वळणावर न ठेवता पोटाच्या सरळ शिवणीत ठेवावी.

डोळे चोचीच्या कोपऱ्याच्या किंचित वर आणि मागे येतात; आधी टाचण्या लावून समोरून आणि वरून पाहावे, मगच जागा पक्की करावी. नुसता चिकटवलेला डोळा बटणासारखा वर दिसतो. मेण लावलेला दोरा लांब सुईने एका डोळ्याच्या जागेतून दुसऱ्या जागेपर्यंत आरपार न्यावा, दोन मिलिमीटर अंतरावरून परत आणावा आणि हलके ओढून गाठ मारावी, म्हणजे खोबण तयार होते. मागे वॉशर लावायचे प्लास्टिकचे डोळे मात्र भरण्यापूर्वीच बसवावे लागतात. पक्षी लहान बाळाच्या हाती जाणार असेल, तर डोळे भरतकामाचेच करावेत आणि पायांत तारही वापरू नये.

कपाळावरचा आणि छातीवरचा लाल पट्टा फेल्टचा कापून चिकटवल्यास तो पक्ष्याचा न वाटता वरून लावल्यासारखा दिसतो. एकेरी दोऱ्याने, लवेच्या दिशेने, लांबी थोडी कमी-जास्त ठेवत टाके घालत गेले की कडा आपोआप विरते. पोटावरच्या हिरवट रेषा जवळजवळ कोरड्या ब्रशने ओढाव्यात आणि रंग अर्धवट वाळला असताना जुन्या टूथब्रशने विंचराव्यात, नाहीतर लव कडक होऊन चिकटते.

पंख धडाच्या मध्यावर शिवणे ही चूक इतकी रूढ आहे की ती चूक वाटतही नाही. मिटलेला पंख मानेच्या जवळून, खांद्यापासून सुरू होतो आणि त्याचे टोक शेपटीच्या मुळाशी येते. पायांचे बोलायचे तर तांबटाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. सवयीने तीन पुढे, एक मागे केली जातात. पक्षी पुढे कलंडत असेल तर पाय फार मागे बसले आहेत: पावले धडाच्या भाराच्या बरोबर खाली हवीत. थोडक्यासाठी तोल जात असेल, तर काचेच्या मण्यांची छोटी कापडी पुरचुंडी पोटाच्या तळाशी ठेवावी.

मण्यांऐवजी लोखंडी छर्रे नकोत, पायांत लोखंडी तारही नको. मुंबईच्या पावसाळी हवेत ती गंजते आणि डाग फिक्या पोटावर उमटतो; ॲल्युमिनियमची तार वापरा. कापूसही टाळावा, तो ओल धरतो आणि गोळा होतो. जून ते सप्टेंबर या काळात रंग आणि फेव्हिकॉल वाळायला बराच जास्त वेळ लागतो, त्यामुळे रंगवलेला पक्षी लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. दोन-तीन दिवस पंख्याखाली ठेवून मगच सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा.