चाळीस मिनिटांचा खेळाचा तास, मूल हललं किती?

नवीन साहित्य घेण्याआधी एक मोजणी करा. खेळाच्या तासाला तीन मुलं मनात धरा: एक चपळ, एक बुजरं, एक अंगानं जड. त्यांना कळू देऊ नका. एका शिक्षकानं घड्याळ घेऊन कडेला बसायचं आणि दर २० सेकंदांनी तिघांकडे पाहायचं. त्या क्षणी मूल भरभर चालत, पळत किंवा उड्या मारत असेल तर बरोबरची खूण, उभं किंवा बसलेलं असेल तर फुली. २० मिनिटांत प्रत्येकाच्या नावापुढे ६० खुणा होतात. त्यातल्या निम्म्या बरोबरच्या असतील तर तास चांगला चालला. चपळ मुलाच्या निम्म्या होतातच, खरी परीक्षा बुजऱ्या मुलाच्या ओळीत असते. तिथं फुल्यांची रांग दिसली तर दोष मुलाचा नाही, खेळाच्या मांडणीचा आहे. आणि मांडणी एका आठवड्यात बदलता येते.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल सांगते. शिवाय आठवड्यात किमान तीन दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारी हालचाल हवी. मध्यम म्हणजे काय, हे ओळखायला यंत्र लागत नाही. खेळताना मुलाला बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती मध्यम हालचाल. दोन-चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, ती जोराची.

साठ मिनिटं कुठून आणायची

एका तासिकेत ती बसत नाहीत, म्हणून दिवसभर पेरायची. परिपाठात प्रार्थना आणि बातम्यांनंतर ८ मिनिटं जागच्या जागी हालचाल घ्या. वर्गात दोनदा चार-चार मिनिटं. सतरंजी गुंडाळून ठेवली की वर्गातही जागा होते. पाढा म्हणताना प्रत्येक पायरीला एक उडी, उजळणी करताना सम संख्येला उभं राहायचं आणि विषम संख्येला बसायचं, एवढं पुरतं. मधल्या सुट्टीत १० मिनिटं आणि खेळाच्या तासात २० मिनिटं खरी हालचाल झाली तर बेरीज ४६ होते. उरलेली १४ मिनिटं घर ते शाळा पायी येण्यात आणि संध्याकाळच्या खेळात निघतात. हे पालकसभेत स्पष्ट सांगा, कारण घर एक किलोमीटरवर असूनही दुचाकीवर बसवून सोडली जाणारी मुलं प्रत्येक वर्गात आहेत.

शालेय पोषण आहाराची खिचडी खाल्ल्यावर पाऊण तास पळापळ नको. पोट दुखतं, ओकारी होते, आणि मग मुलं खेळायचंच टाळतात. त्या वेळेत ठिक्कर (कुणी बिल्लस म्हणतात), सागरगोटे, भोवरा असे शांत खेळ ठेवा. वेळापत्रक तुमच्या हातात असेल तर खेळाचा तास जेवणाआधी लावा.

रांग, बाद आणि एकच चेंडू

तास वाया घालवणाऱ्या गोष्टी याच तीन. ४० मुलांची एक रांग आणि एक चेंडू, म्हणजे ३९ प्रेक्षक. 'बाद' झालेलं मूल बाहेर बसतं, आणि सगळ्यात आधी बाद होतं ते ज्याला खेळाची सगळ्यात जास्त गरज आहे ते. यावर साधा नियम करा: आपल्या शाळेत बाद झालेलं मूल बसत नाही. ते कडेला ठेवलेल्या टायरमध्ये जाऊन दहा उड्या मारतं आणि परत खेळात येतं. गुण मोजायचे ते किती वेळा पकडलं त्याचे.

खो-खोचं उदाहरण घ्या. मोठ्या मैदानावरच्या नियमांप्रमाणे आठ जण बसतात, एक पाठलाग करतो, तिघं पळतात. एका क्षणी खरी पळणारी चार मुलं, बाकी वर्ग कडेला. प्राथमिकला असं करा:

१. फक्कीनं चार छोटी मैदानं आखा, प्रत्येक १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद, दोन मैदानांमध्ये २ मीटर मोकळी जागा. चारही मैदानं २२ बाय १४ मीटरच्या जागेत बसतात.

२. मधल्या पट्टीवर दोन-दोन मीटरवर चार चौकोन काढा. खांब नको. दोन्ही टोकांना जुनं सायकलचं टायर जमिनीवर आडवं ठेवा. लाकडी खांबावर डोकं आपटण्याची भीती राहत नाही.

३. एका मैदानावर दहा मुलं: चार बसलेली (एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून), एक पाठलाग करणारं, पाच पळणारी. पाचही एकदम पळतात.

४. दोन मिनिटांचा डाव. शिट्टी झाली की बाजू बदलायच्या. सहा डाव म्हणजे १२ मिनिटं.

५. दुसरी-तिसरीला 'पाठलाग करणाऱ्यानं दिशा बदलायची नाही' हा नियम लावू नका. चौथीत तो शिकवा.

इथं दोन चुका हमखास होतात. खो देणारं मूल पाठीवर धक्का देतं आणि बसलेलं तोंडावर पडतं. खो म्हणजे पाठीवर उघड्या तळव्याची थाप आणि मोठ्यानं 'खो', हे पहिल्या दिवशी जोड्या करून दहा वेळा घोटून घ्या. दुसरी चूक बसण्याची. मांडी घालून बसलेल्या मुलाला उठायला वेळ लागतो. टाचा उचललेल्या, चवड्यांवर भार, दोन्ही हात पुढे जमिनीला टेकलेले, असं बसायला हवं. ज्यांना चवड्यांवर तोल जमत नाही त्यांना एक गुडघा टेकू द्या.

लंगडीला ८ मीटर बाजूचा चौकोन आणि दहा मुलं पुरेत. एका पायावर सलग ३० सेकंदांहून जास्त नको, गडी बाद केला की पाय बदलायला लावा. नागपूरच्या महाल, इतवारीतल्या जुन्या शाळांना फरशीचं अंगण असतं. तिथं लंगडी टाळाच, कठीण जमिनीचा सगळा हिसका एका नडगीला बसतो. अशा अंगणात दोरीच्या उड्या आणि बसके खेळ जास्त चालवा, त्यातही दोरीच्या उड्या मिनिटभरच्या डावात.

साखळी हा खेळ आम्हाला सगळ्यांत उपयोगी वाटतो, कारण त्यात बाद ही गोष्टच नाही. पकडलेलं मूल राज्य घेणाऱ्याचा हात धरून पळायला लागतं. फक्त साखळी चौघांची झाली की दोन-दोनच्या दोन करायच्या. लांब साखळी वळते तेव्हा टोकाचं मूल फेकलं जातं आणि कोपर फुटतं.

लगोरी, म्हणजे इथल्या बऱ्याच मुलांचं पिट्टू, एकाच वेळी तीन ठिकाणी मांडा. चेंडू टेनिसचा नको, जुन्या पायमोज्यांत चिंध्या भरून शिवलेला घ्या, आणि मारायचा तो कमरेखालीच. लगोरीला फरशीचे धारदार तुकडे न घेता लाकडी ठोकळे घ्या.

गट पाडण्यात वेळ घालवू नका. दोन कप्तान उभे करून मुलं निवडायला लावली की सात-आठ मिनिटं जातात आणि शेवटी उरलेलं मूल ते दुःख घरी घेऊन जातं. हजेरी क्रमांकानं किंवा जन्ममहिन्यानं गट ठरवून वर्गातच सांगा. खेळ समजवायला एक मिनिट, त्यातही बोलणं कमी आणि करून दाखवणं जास्त. एक शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबा, दोन म्हणजे माझ्याकडे या. पहिली-दुसरीला दर सहा-सात मिनिटांनी खेळ बदला.

४० मुलांसाठी किती साहित्य

दोरी २०, कापडी चेंडू १२, सायकलचे टायर १०, एक तृतीयांश वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या १६, दोन शिट्ट्या, फक्की. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यातून कॅरम आणि बॅट आणण्याआधी दोऱ्या आणा. दोरीचं माप: मूल दोरीच्या मध्यावर दोन्ही पाय ठेवून उभं राहिलं की दोन्ही टोकं काखेपर्यंत यावीत. लांब असेल तर हातांभोवती वेढे देऊ नका, गाठ मारून आखूड करा. फार हलकी दोरी हवेत वळसा घेत नाही आणि मुलाला वाटतं आपल्याला जमत नाही. मधल्या भागावर जुन्या पाइपचा वीतभर तुकडा ओवला की ती नीट फिरते.

आखणीला कळीचा चुना कधीही वापरू नका. डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. फक्कीच घ्या.

हाडं-स्नायूंसाठी सोमवार, बुधवार, शुक्रवार परिपाठातच बेडूकउडी, अस्वलचाल, खेकडाचाल, प्रत्येकी १० मीटर, दोन फेऱ्या. सूर्यनमस्कार पाच पुरेत, पण सावकाश. शंभराच्या स्पर्धेत पाठ वाकते आणि घोटतात ती चुकीची आसनं.

आणि उठाबशा किंवा मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून देऊ नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेला मनाई आहेच, पण कायदा नसता तरी हे चूकच. ज्या मुलाला 'पाच फेऱ्या मार' ही शिक्षा म्हणून मिळते, त्याला धावणं पुढं कधी आवडेल? गृहपाठ राहिला म्हणून खेळाचा तास कापणंही याच जातीचं.

चौथी-पाचवीच्या मुली कडेला का सरकतात ते पाहा. बहुतेकदा कारण कपड्यांचं असतं. फ्रॉक किंवा स्कर्टखाली चड्डी किंवा स्लॅक्स घालून पाठवायला आयांना सांगितलं की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा म्हणजे मैदानाचा मधला भाग क्रिकेटवाल्या मुलांनी धरलेला असतो. मधला भाग कोणत्या दिवशी कुणाचा, हे लिहून भिंतीवर लावा.

सिकलसेल असलेलं मूल

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, विदर्भात हे लिहिल्याशिवाय मार्गदर्शन पुरं होत नाही. वर्गात 'एसएस' पॅटर्नचं, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं मूल असेल तर त्याला खेळापासून तोडू नका, पण स्पर्धेत दामटूही नका. पाणी कमी पडणं, थंडी आणि अतिश्रम यांनी त्याच्या अंगात कळा येतात. त्याची बाटली मैदानावर त्याच्या हाताशी असावी, त्याला न विचारता बसण्याची मुभा असावी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी त्याचा स्वेटर काढायला लावू नये. घामेजल्या अंगावर गार पाणी ओतणं तर नकोच. हातपाय दुखतात म्हणालं की खेळ तिथंच थांबवून पालकांना बोलवा. छाती दुखते किंवा दम लागतो म्हणालं तर थेट दवाखाना. 'एएस' वाहक मूल इतरांसारखंच खेळू शकतं, फक्त उन्हात त्याच्या पाण्याकडे जास्त लक्ष हवं. ही नोंद पालकांच्या संमतीनं वर्गशिक्षकांच्या वहीत ठेवा, फळ्यावर किंवा हाकेत नको. दमा असलेल्या मुलाचा पंप कपाटात कुलपात नको, मैदानावर न्या.

ऊन

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मार्चपासून खेळाचा तास सकाळी साडेआठच्या आत संपवा. सकाळची शाळा सुरू झाली की पहिलीच तासिका खेळाची करा. ऑक्टोबरच्या उकाड्यातही भर दुपारी मैदान नको. नऊनंतर तापलेल्या मुरमावर अनवाणी खेळवू नका. चपला घालूनही नको, त्या निसटून पाय मुरगळतो. पट्टीचे सँडल किंवा बूट नसतील त्यांच्यासाठी सावलीतला खेळ निवडा.

दर २० मिनिटांनी प्रत्येकाला अर्धा पेला पाणी, तहान लागली असो वा नसो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं दिसलं की सावलीत निजवा, पाय उंच करा, घोटघोट पाणी द्या, ओल्या फडक्यानं मान, काखा आणि जांघा पुसत वारा घाला. मूल असंबद्ध बोलत असेल, झापड येत असेल किंवा अंग भाजल्यासारखं तापलं असेल तर तो उष्माघात. १०८ ला फोन लावा, गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारत राहा, आणि शुद्ध नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

मैदान

काळ्या मातीवर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा, दोन्ही पाय मुरगळणारे. वर नुसती वाळू टाकली तर पहिल्या पावसात ती मातीत बसते. चार इंच मुरूम पसरा, पाणी मारून रोलर फिरवा, वरचे खडे वेचून घ्या. १०० फुटाला एक फूट उतार ठेवला की पाणी साचत नाही. ग्रामपंचायतीकडे किंवा एखाद्या पालकाकडे रोलर असतोच, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मागा.

पावसाळ्यात दोन तणांवर लक्ष हवं. गोखरूची वेल जमिनीलगत पसरते, पिवळं फूल येतं आणि मग काटेरी फळ धरतं. ते सुकून मातीत मिसळलं की अनवाणी पायात वर्षभर टोचत राहतं. म्हणून फूल दिसताच मुळासकट उपटा, फळ धरल्यावर उपटलं तर काटे तिथंच गळतात. गाजर गवतही फुलायच्या आधी काढा. ते काम मुलांना देऊ नका, अंगाला खाज सुटते, दमेकऱ्यांना त्रास होतो. मोठ्यांनी हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून, पाऊस पडून माती मऊ असताना उपटावं.