रिचार्जेबल सेल: निवडायचे कसे, वापरायचे कसे, आणि ते लवकर का बसतात

माझ्याकडे चार सेलचा एक टॉर्च आहे. एकदा तो मिणमिणायला लागला, चार्ज केला तरी तासाभरात पुन्हा तेच. रिचार्जेबल सेल असेच असतात, वर्षभर चालतात आणि जातात, असं म्हणून चारही सेल टाकायला काढले. टाकण्याआधी सहज एकेकाला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावला. तिघांवर १.२५ व्होल्टच्या आसपास, चौथ्यावर ०.४. म्हणजे बिघडला होता एक, आणि त्याच्यासोबत तीन धडधाकट सेल चालले होते. रिचार्जेबल सेलबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ असंच सेलच्या बाहेर, जोडीत नाहीतर चार्जरमध्ये, सापडतं.

आधी घरातली उपकरणं वेगळी काढा

खेळणी, टॉर्च, कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि गेमचा कंट्रोलर ही खादाड मंडळी. यांच्यात रिचार्जेबल सेल घातले की फरक लगेच कळतो. भिंतीवरचं घड्याळ मात्र इतकं कमी खातं की साधा सेलही त्यात वर्षभर आरामात जातो. तिथे चांगला रिचार्जेबल सेल अडकवून ठेवण्यात काही अर्थ नाही. टीव्हीचा रिमोट, वायरलेस की-बोर्ड आणि माउस या दोघांच्या मधले. घरात सेल जास्तीचे असतील तर घाला, नाहीतर राहू द्या.

दोन अपवाद लक्षात ठेवा. धुराची सूचना देणाऱ्या अलार्ममध्ये माहितीपुस्तिकेत सांगितलेलाच सेल घालायचा, तिथे काटकसर नको. आणि तळावर ठेवून चार्ज होणाऱ्या कॉर्डलेस फोनमध्ये उलट नियम: त्यात रिचार्जेबलच हवेत. साधे अल्कलाइन घातले तर फोनचा तळ त्यांनाही चार्ज करायला बघतो आणि ते गळतात, क्वचित फुटतातही.

१.५ आणि १.२ चं कोडं

साध्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, रिचार्जेबलवर १.२. मग हा कमजोर का? नाही. अल्कलाइन सेल १.५ वर असतो तो नवा असताना. वापर सुरू झाला की त्याचं व्होल्टेज उतरायला लागतं आणि अर्ध्या वाटेवर तोही १.२ च्या आसपास येतो. निकेल मेटल हायड्राइडचा, म्हणजे रोजच्या वापरातला रिचार्जेबल सेल मात्र बहुतेक वेळ १.२ ला चिकटून बसतो आणि शेवटी एकदम खाली येतो. बहुतेक उपकरणं अल्कलाइन सेल बराच उतरेपर्यंत चालतील अशीच बनवलेली असतात, त्यामुळे त्यांना १.२ चालतं.

फक्त उपकरणावरच्या बॅटरीच्या चित्रावर विश्वास ठेवू नका. ते अल्कलाइनच्या हिशेबाने काढलेलं असतं. भरलेला सेल घालूनही ते अर्धंच दिसेल, आणि 'बॅटरी कमी' हा इशारा येईल तेव्हा खरंच थोडा वेळ उरलेला असेल.

सेलच्या अंगावर काय वाचायचं

दुकानात सगळे सेल सारखेच दिसतात, पण बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. एचआर ६ म्हणजे निकेल मेटल हायड्राइडचा डबल ए, एचआर ०३ म्हणजे त्यातलाच ट्रिपल ए. एलआर ६ दिसलं तर तो अल्कलाइन, तो चार्ज करायचा नसतो.

दुसरी गोष्ट एमएएचचा आकडा, म्हणजे सेलमध्ये किती मावतं ते. निकेल मेटल हायड्राइडच्या डबल एमध्ये खरोखर मावतं ते साधारण १,९०० ते २,८००, ट्रिपल एमध्ये ७०० ते १,१००. याच्या कितीतरी वरचा, चार हजार, पाच हजार असा आकडा छापलेला असेल तर ती निव्वळ थाप. सेल हातात घेऊन बघा. चांगला डबल ए २५ ते ३० ग्रॅम भरतो. आकडा फुगलेला आणि सेल हलका, तर तो परत ठेवून द्या.

आणि खऱ्यातलाही सगळ्यात मोठा आकडा घेऊ नका, असं माझं मत. जुन्या पद्धतीचे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बराच चार्ज गमावायचे. २००५ मध्ये सॅन्यो कंपनीने एनेलूप या नावाने असा सेल आणला की जो भरून ठेवला तर वर्षानंतरही त्यातला बहुतेक चार्ज शिल्लक राहतो. आज बऱ्याच कंपन्या असे सेल बनवतात. पाकिटावर 'रेडी टू यूज' किंवा 'प्री-चार्ज्ड' लिहिलेलं असतं, ती त्यांची खूण. यांचा आकडा साधारण २,००० च्या घरात असतो. २,७०० वाले एका चार्जमध्ये जास्त चालतात, पण सहसा चार्ज लवकर सोडतात आणि म्हातारेही लवकर होतात. सेल रोज भरून रोज रिकामे करणार असाल तरच ते घ्या.

हल्ली १.५ व्होल्टचे लिथियम रिचार्जेबलही मिळतात, काहींना तर अंगातच यूएसबीचं भोक असतं. आतलं सर्किट शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देत राहतं आणि मग पटकन बंद होतं. १.२ वर कुरकुरणाऱ्या उपकरणाला हे बरे, पण त्यांचा चार्जर वेगळा. एकाचा सेल दुसऱ्याच्या चार्जरमध्ये कधीही घालू नका. आणि १४५०० नावाचा लिथियम सेल डबल एच्याच मापाचा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. रिमोटमध्ये असे दोन घातले की तीन व्होल्टच्या जागी सात व्होल्टच्या वर जातात, आणि रिमोटचं काम तमाम.

चार्जरवर कंजुषी करू नका

चांगले सेल आणि फुकट आलेला चार्जर, ही जोडी मी बऱ्याच घरांत बघितली आहे. त्यापेक्षा साधे सेल आणि चांगला चार्जर परवडला. स्वस्त चार्जर सेल दोन-दोनच्या जोडीने भरतो. जोडीतला एक आधीच भरलेला असेल तर त्याला कळत नाही, तो दोघांना सारखंच पाजत राहतो. काहींचा दिवा तर सेल काढेपर्यंत जळतच असतो, सेल भरलाय की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

चार्जर घेताना एवढंच बघा: प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा आहे का, आणि त्यात एकच सेल घालून चार्ज करता येतो का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर बहुधा तो प्रत्येक सेल वेगळा तपासतो. निकेल मेटल हायड्राइडचा सेल पूर्ण भरला की त्याचं व्होल्टेज वाढायचं थांबून किंचित खाली येतं. ती बारीकशी घसरण ओळखून चांगला चार्जर स्वतःहून थांबतो.

वेळेचा हिशेब सोपा आहे. सेलच्या आकड्याला चार्जरवर लिहिलेल्या मिलिअँपिअरने भागा आणि थोडी भर घाला, कारण दिलेली सगळी वीज सेलमध्ये साठत नाही. २,००० चा सेल आणि ५०० मिलिअँपिअरचा चार्जर असेल तर चार तासांच्या जागी पाच धरा. पंधरा मिनिटांत भरून देतो म्हणणारे चार्जर सेलला तापवतात, रोजच्या कामाला ते नकोत. चार्ज होताना सेल कोमट लागला तर ठीक, हातात धरवत नसेल तर लगेच काढा.

जोड्या लावा आणि मोडू नका

नवे सेल आणले की पाकीट फोडतानाच मार्कर घ्या. प्रत्येकावर गटाचं अक्षर आणि महिना-वर्ष लिहा. माझ्याकडे क, ख, ग असे गट आहेत. क गटातले चार सेल एकत्रच वापरले जातात, एकत्रच चार्ज होतात. मोकळे असले की त्यांना रबरबँड.

हा सोवळेपणा उगाच नाही. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक अशक्त किंवा अर्धवट भरलेला असेल तर तो आधी रिकामा होतो, पण बाकीचे थांबत नाहीत. ते त्या रिकाम्या सेलमधून करंट ढकलत राहतात, आणि त्याची उलटी, म्हणजे धन-ऋण बदलून, चार्जिंग सुरू होते. असा मार एक-दोनदा बसला की सेल कायमचा अधू. माझ्या टॉर्चमधला चौथा असाच गेला असणार, कारण मध्ये कधीतरी तीन नव्यांबरोबर एक जुना घातल्याचं मला अंधुक आठवतं. मग टॉर्च खणात चालूच राहिला होता.

म्हणून प्रकाश पिवळा पडला, खेळणं रेंगाळायला लागलं की तिथेच थांबा. थोपटून, सेल जागच्या जागी फिरवून शेवटचा थेंब काढायचा नाही. 'पूर्ण संपवून मगच चार्ज करावा' हा सल्ला जुन्या निकेल कॅडमियम सेलच्या काळातला. आता अर्धा उरलेला सेल चार्जिंगला लावला तरी काही बिघडत नाही. वर्षभर पडून राहिलेला सेल पहिल्या चार्जला कमी चालला तर लगेच टाकू नका, दोन-तीन वेळा भरून वापरला की बहुधा ताळ्यावर येतो.

ठेवणं आणि टाकणं

सेल प्लॅस्टिकच्या डबीत, थंड कोरड्या जागी ठेवा. फ्रिजची गरज नाही. किल्ल्या आणि सुट्या नाण्यांच्या खणात मात्र नको, तिथे दोन टोकं जुळली तर सेल तापतो. जुन्या रिमोटमध्ये पांढरी पावडर दिसली तर ती गळलेल्या अल्कलाइनची. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पत्र्या पुसा, मग कोरड्या करा. गेलेले सेल ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, जाळात टाकू नका.

गटातला कोण गेला हे मल्टिमीटर नसतानाही कळतं. एकत्र वापरून उतरलेले चारही सेल चार्जरला एकदम लावा आणि दिव्यांवर लक्ष ठेवा. बाकीच्यांना पाच तास लागत असताना एखादा तासाभरातच 'भरलो' म्हणत असेल, तर त्याच्यात आता तेवढंच मावतं. पुन्हा एकदा बघा, आणि तेच झालं तर त्याला गटातून काढा.

माझ्या टॉर्चमधले उरलेले तीन आता की-बोर्डमध्ये दोन आणि एका सेलवर चालणाऱ्या माउसमध्ये एक असे आहेत. टॉर्चला नवे चार आणले. त्यांच्यावर घ लिहिलंय.