ऊस पिवळा पडला की लगेच गोणी फोडू नका, आधी बुडख्याजवळ खणा: या चुका टाळा

खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, दीड-दोन महिन्यांचा झाला की माझ्या मोबाइलवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. पांढरट-पिवळं पान, मागे काळं रान आणि खाली एकच ओळ, "काय टाकू?" आमच्या सांगली जिल्ह्यात वाळवा असो, पलूस असो, मिरजेकडचं कृष्णाकाठचं रान असो, प्रश्न हाच. मी उलट विचारतो, "पांढरी मुळी बघितली का?" त्यावर बहुतेक वेळा तिकडून शांतता. आपण पान रोज बघतो, मुळी मात्र लागणीनंतर थेट ऊस तुटल्यावर बघतो. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या चुका इथूनच निघतात.

पहिली चूक म्हणजे सगळा पिवळेपणा एकच धरून युरिया टाकणं. युरियातून मिळणारं नत्र (नायट्रोजन) कमी पडलं की ऊस ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतो, म्हणून खालची पानं आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की पोंग्यातली, म्हणजे शेंड्याच्या सुरळीतली, कोवळी पानं पिवळी पडतात. शिरा आधी हिरव्या राहतात, मग त्याही जातात आणि पान कागदासारखं पांढरं होतं. हाच आपला केवडा. खालची पानं हिरवीगार आणि पोंगा पिवळा असेल तर युरियाची गोणी तशीच बांधून ठेवा.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. चुनखडीच्या पट्ट्यातल्या खोडव्यात केवडा दिसला म्हणून एकरी १० किलो फेरस सल्फेट (लोहाचं खत) युरियात मिसळून सरीत फोकलं आणि पाणी दिलं. चौथ्या दिवशी जाऊन बघतो तर फिकट हिरवे खडे तांबूस-तपकिरी झालेले, पत्र्यावरच्या गंजासारखे. तो गंजच होता. ऊस होता तसाच पिवळा राहिला.

मुळात आपल्या काळ्या जमिनीत लोह कमी नाही. शंभर किलो मातीत ते काही किलो निघेल, आणि पिकाला एकरी लागतं ते किलोच्या हिशेबात. अडचण ते विरघळण्याची आहे. पीएच (माती किती आम्ल किंवा विम्ल ते सांगणारा आकडा) एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने कमी होतं. आठच्या वर पीएच असलेल्या रानात वरून टाकलेलं फेरस सल्फेटही त्याच वाटेने जातं.

तरीही त्याच रानात एखादं बेट (एका बुडख्यातून फुटलेल्या उसांचा झुपका) हिरवं कसं राहतं? कारण मुळी नुसती पाणी ओढणारी नळी नाही. ती आपल्या भोवतीची माती बदलते. जर्मनीच्या होहेनहाइम विद्यापीठातल्या हॉर्स्ट मार्श्नर यांचं आयुष्य याच अभ्यासात गेलं. १९८६ मध्ये त्यांनी आणि फोल्कर र्योमहेल्ड यांनी पिकांच्या लोह मिळवण्याच्या दोन रीती मांडल्या. द्राक्ष, सोयाबीन, भुईमूग ही पिकं मुळाशी आम्ल सोडतात आणि तिथेच लोहाचं रूप बदलून ते आत घेतात. गवताच्या कुळातली पिकं मुळातून एक सेंद्रिय पदार्थ सोडतात. तो लोहाला चिमट्यासारखा धरतो आणि मुळी तो चिमटा लोहासकट आत ओढते. जपानच्या ताकागी यांनी १९७६ मध्ये तो दाखवला होता. बार्लीचं रोप तर तो सूर्य उगवल्यानंतरच्या काही तासांतच भरपूर सोडतं. ऊस याच कुळातला.

हे सगळं काम जिवंत, कोवळी, टोकाची मुळी करते आणि ते चालतं मुळीपासून एक-दोन मिलिमीटरच्या आत. आता खोडव्याचं बघा. जुनी मुळं संपत आलेली असतात आणि नव्या फुटव्यांना स्वतःची मुळी अजून आलेली नसते. नेमक्या त्या दिवसांत आपण "पिवळा पडलाय, पाणी कमी पडलं असेल" म्हणून आणखी एक पाळी देतो.

माझ्या मते सगळ्यांत महाग चूक ही आहे. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की हवा बाहेर निघते, मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो, तो चुना विरघळवतो आणि बायकार्बोनेट तयार होतं. या बायकार्बोनेटमुळे मुळीने सोडलेलं आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. ऊस आम्लावर अवलंबून नसला तरी श्वास कोंडलेल्या मुळीचं बाकीचं कामही थांबतं. विहिरीचं पाणीच बायकार्बोनेटचं असेल तर प्रत्येक पाळीला भर पडते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर नदीकाठच्या ज्या रानांचा निचरा बिघडला, तिथे हे वरचेवर दिसतं.

गेल्या पावसाळ्यात शेजारगावच्या एका तात्यांनी बोलावलं. दोन वेळा खत झालं होतं, एक आळवणीही (बुडाशी औषधाचं पाणी ओतणं) झाली होती. मी म्हटलं, "तात्या, बाकी राहू द्या, खुरपं आणा." पिवळ्या बेटाच्या बुडख्यापासून वीतभर अंतरावर खणलं. माती चिकट, सडक्या अंड्यासारखा वास. एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं तर साल निघून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा कणा राहिला. पंधरा पावलांवरच्या उंच जागेतलं हिरवं बेट खणलं, तर तिथे पांढरी मुळी, टोकाला ताजी, केसाळ, मातीचे कण धरून बसलेली. रान एक, खत एक. तात्या बराच वेळ दोन्ही मुळं तळहातावर घेऊन उभे होते. मग म्हणाले, "म्हणजे मी उपाशी माणसाला नाही, बुडणाऱ्याला जेवण घालत होतो." त्यांनी चर काढला, वाफसा येईपर्यंत, म्हणजे जास्तीचं पाणी ओसरून मातीत हवा खेळेपर्यंत, पाणी बंद ठेवलं आणि मगच फवारणी घेतली.

तर लोह द्यायचं कसं? फेरस सल्फेट शेणखतात एकास दहा या प्रमाणात मिसळून, ओलसर ठेवून आठवडाभर मुरवा आणि मुळीजवळ सरीत मातीआड करा, फोकू नका. शेणखतातले सेंद्रिय पदार्थ लोहाला धरून ठेवतात, म्हणजे मुळीच्या चिमट्यासारखंच काम करतात. फवारणी लिटरला ५ ग्रॅम, सोबत १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, द्रावण ताजं, वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा. एका फवारणीत पान ठिपक्या-ठिपक्यांनी हिरवं होतं, कारण लोह पडलं तिथून फारसं सरकत नाही. ते बघून "औषध बोगस" म्हणू नका.

चिलेटेड, म्हणजे आधीच चिमट्यात धरलेलं, लोह घेताना पुडीवरचं नाव वाचा. ईडीटीए प्रकारचं लोह पीएच साधारण साडेसहाच्या वर गेला की सुटायला लागतं. आपल्या जमिनीत ते फवारणीला ठीक, ड्रीपमधून पैसे वाया. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं, ज्याचं पाणी लालभडक दिसतं. महाग आहे, पण आठच्या वरच्या पीएचलाही टिकतं.

"सल्फर टाकून पीएच खाली आणतो" हेही पुष्कळ ऐकतो. हिशेब करून बघा. एका एकराचा वरचा वीतभर थर म्हणजे साधारण साडेनऊ लाख किलो माती. त्यात फक्त १ टक्का चुनखडी धरली तरी ती साडेनऊ हजार किलो झाली. ती मारायला साधारण ३ टन गंधक लागेल. आपल्याकडे दहा-दहा टक्के चुनखडीची रानं आहेत. म्हणून अख्ख्या रानाचा पीएच बदलायच्या नादी लागू नका. मुळीजवळच्या पट्टीत दिलेलं थोडं गंधक मात्र तेवढ्या पट्टीत काम करतं.

नत्र कोणत्या रूपात देतो यानेही मुळीजवळची माती बदलते. मार्श्नर यांच्या प्रयोगशाळेत मुळांवर रंग बदलणारं सूचक घातलेलं अगार (जेलीसारखा पदार्थ) ओतत. नायट्रेटवर वाढलेल्या मुळीभोवती ते जांभळं राहायचं, अमोनियमवाल्या मुळीभोवती पिवळं व्हायचं, म्हणजे तिथे आम्ल. चुनखडीत नत्राचा काही हप्ता अमोनियम सल्फेटमधून देण्यामागे हेच कारण आहे.

आता तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्यांसाठी. पानदेठाच्या अहवालात लोह भरपूर आणि बाग मात्र पिवळी, मग प्रयोगशाळेला शिव्या. अहवाल खरा असू शकतो. चुनखडीतल्या द्राक्षात असं होतं हे र्योमहेल्ड यांनी २००० साली मांडलं. पानात लोह पोचतं, पण अडकून पडतं आणि पान लहान राहिल्याने वजनाच्या हिशेबात आकडा मोठा दिसतो. शिवाय देठ नीट धुतले नाहीत तर धुळीतलं लोहही मोजलं जातं. माती परीक्षणाचंही तसंच. लोहाची पातळी ४.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४.५ भाग) वर असली तरी पाणी साचलेल्या रानात केवडा येऊ शकतो. नमुना काढताना लोखंडी फावडं आणि जस्ताची बादली टाळा. लाकडी खुंटी आणि प्लास्टिकचं घमेलं बरं.

स्फुरदाचं (फॉस्फरसचं) थोडक्यात. ते दिवसाला मिलिमीटरभरही सरकत नाही, म्हणून वरून फोकलेलं सुपर फॉस्फेट वरच राहतं. लागणीआधी सरीत, शेणखताबरोबर द्या. दरवर्षी न तपासता जास्त दिलं तर जस्त अडतं. आणि १२:६१ (नत्र-स्फुरदाचं विरघळणारं खत) व कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत कधीच नको, पांढरा साका बसून ड्रीपर बुजतात.

भुईमूग पिवळा पडणाऱ्यांनी एक गोष्ट करून बघावी. मार्श्नर यांचे विद्यार्थी फूसुओ झांग यांच्या गटाने चीनमधल्या चुनखडीच्या रानांत पाहिलं की एकटा भुईमूग पिवळा पडतो, पण मक्याच्या ओळीशेजारचा हिरवा राहतो. आपल्या आज्या भुईमुगात मक्याचे दाणे टोकायच्या. बांधाकडेच्या दोन ओळींत करून बघायला खर्च काहीच नाही.

आणि मला फोटो पाठवण्याआधी एवढं करा. फेरस सल्फेटचं वरच्या फवारणीच्याच प्रमाणातलं पाणी कापसाच्या बोळ्याने पोंग्याजवळच्या एका पिवळ्या पानाच्या अर्ध्याच भागाला लावा, उरलेला अर्धा कोरा ठेवा आणि पानाला दोरा बांधा. आठवड्याने लावलेला भाग हिरवा आणि कोरा भाग पिवळा दिसला तर लोहच कमी आहे. मग त्याच बेटाची मुळी खणून बादलीत धुवा आणि दोन्ही फोटो एकत्र पाठवा.