आउटबोर्डची आगोट : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला या पट्ट्यातली आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची, इंजिनं एकदमच किनाऱ्यावर येतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि पर्यटकांच्या होड्या तर त्याच्याही आधी बंद होतात. होड्या शाकारल्या जातात, इंजिनं पडवीत जातात. ही त्यांची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी. आउटबोर्डच्या मेकॅनिकला सगळ्यात जास्त काम असतं ते या दिवसांत, आणि शिकायला मिळतं तेही याच दिवसांत. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलांना मी सांगतो, की पहिला मे महिना एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या हाताखाली काढा. वर्षभरात जेवढी इंजिनं उघडलेली दिसणार नाहीत, तेवढी त्या काही आठवड्यांत दिसतात.

इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत साठवणुकीचं एक प्रकरण असतं. थंड देशांत त्यातली मोठी भीती गोठण्याची असते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि गिअरची पेटी फोडतं. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही, म्हणून बरेच मालक ते प्रकरण सोडून देतात. आपली भीती वेगळी आहे: आत राहिलेलं मीठ आणि तीन महिन्यांची दमट हवा. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे इंजिन सुकलेलं दिसलं तरी आतून ओलंच राहतं. माझ्याकडे ऑगस्टमध्ये जाम होऊन येणारी इंजिनं बहुतेक वेळा मे महिन्यात चांगली चालत होती. ती समुद्रात नाही, पडवीत बिघडलेली असतात.

म्हणून पहिलं काम गोड्या पाण्याने धुण्याचं. पाणी घेण्याआधी ते चाखून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात आणि त्या पाण्याने धुऊन अर्धं मीठ परत आतच जातं. इंजिन पिंपात उभं करा, पाणी शोषण्याची जाळी पूर्ण बुडाली पाहिजे. पंखा (प्रोपेलर) काढून ठेवा, इंजिन न्यूट्रलवर आणि कमी वेगावर चालू द्या. मागून पाण्याची धार यायला हवी. ती आली नाही तर लगेच बंद. कोरडं चाललं तर पाण्याच्या पंपातला इम्पेलर (रबरी पात्यांचं चाक) काही सेकंदांत जळायला लागतो. दोन मिनिटांत आटोपू नका. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर उघडणारी झडप) उघडेपर्यंत गोडं पाणी सिलिंडरभोवतीच्या सगळ्या वाटांत पोचतच नाही, म्हणून दहा-पंधरा मिनिटं चालू द्यावं आणि धार कोमट लागते का ते बोटाने बघावं. काही नव्या इंजिनांना नळी जोडायला वेगळं तोंड असतं. तिथे इंजिन बंद ठेवून पाणी सोडायचं की चालू ठेवून, हे त्या इंजिनाच्या पुस्तिकेत बघूनच ठरवा.

दुसरी गोष्ट इंधन, आणि इथे जुनी सवय आता चालत नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतात. इंजिन इंधन खेचतं तेही तळातूनच. पावसाळाभर अर्धी टाकी भरून ठेवणं म्हणूनच सगळ्यात वाईट, कारण वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा येत-जात राहते. माझं मत सरळ आहे: टाकी रिकामी करा, ते पेट्रोल लगेच दुसरीकडे वापरून टाका, टाकी पुसून सुकवा. कार्बोरेटरच्या वाटीलाही खाली एक छोटा स्क्रू असतो, तो उघडून आतलं पेट्रोल बाटलीत घ्या आणि उजेडात धरून बघा. तळाला पाण्याचे थेंब दिसले तर फिल्टर आणि नळी दोन्ही तपासायची. रॉकेलवर चालणारं इंजिन असेल तर बंद करण्याआधी काही वेळ पेट्रोलवर चालवा, म्हणजे वाटीत आणि जेटमध्ये रॉकेल राहत नाही. फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन मात्र कोरडं पडेपर्यंत चालवू नका. त्याला स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं रसायन) आणि पुस्तिकेतली पद्धत, एवढंच.

इंधन काढलं की सिलिंडर उघडा पडतो, म्हणून त्यात तेल हवं. फॉगिंग ऑइलचा, म्हणजे सिलिंडरला आतून तेलाचा थर देणारा, स्प्रे आपल्याकडे सहज मिळत नाही. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडलं तरी काम होतं. मग सेफ्टी स्विचची दोरी काढून, प्लगच्या वायरी नीट अर्थ करून (इंजिनाच्या धातूला जोडून), स्टार्टरची दोरी सावकाश चार-पाच वेळा ओढा. वायर मोकळी ठेवून दोरी ओढणारे लोक मी पाहिले आहेत. पेट्रोलची वाफ असलेल्या जागेत एक ठिणगी पुरते, यात कुणाचीही घाई ऐकून घेऊ नका. फोर-स्ट्रोक असेल तर इंजिनाचं तेल आत्ताच बदला, ऑगस्टमध्ये नाही. जुन्या तेलात ओलावा आणि आम्ल साठलेलं असतं, ते तीन महिने बेअरिंगवर बसू द्यायचं कशाला?

आता माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं काम: खालच्या पेटीतलं गिअर तेल. ज्यांच्याकडे मी शिकलो ते इंजिन आलं की एवढंच म्हणायचे, "आधी तेल बघ, मगे मालकाक सांग." इंजिन रात्रभर उभं ठेवा. सकाळी खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करा. पेटीत पाणी असेल तर ते जड असल्यामुळे तेलाच्या आधी बाहेर येतं. मग स्क्रू पूर्ण काढा, वरचाही काढा आणि तेल भांड्यात घ्या. दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर सील गेलंय. स्क्रूला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी बारीक लेप नेहमीचाच, पण बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गिअर उघडावे लागतील.

सील जाण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा. जाळ्याचा किंवा गळाचा तुटलेला तंगूस पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळला जातो, तापतो आणि सीलच्या ओठात घुसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून पंखा काढल्याशिवाय इंजिन पडवीत जाऊ देऊ नका. तंगूस चाकूने कापताना सीलला धार लागणार नाही असं बघा आणि शाफ्टच्या दातांना समुद्री ग्रीस लावा. नवीन तेल नेहमी खालच्या भोकातून वर चढवायचं. वरच्या भोकातून हवेच्या बुडबुड्यांशिवाय तेल आलं की आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग खालचा. दोन्हीचे वायसर (वॉशर) नवे. वायसरचे पैसे वाचवताना आख्खी पेटी गेलेली मी पाहिली आहे.

इम्पेलरबद्दल मेकॅनिकांत दोन मतं आहेत. मी मे महिन्यात इंजिनाचा पाय (खालचा भाग) उतरवून तो बघतो, बोल्टना ग्रीस लावतो, पण नवा बसवतो ऑगस्टमध्ये. रबराची पाती एकाच जागी तीन महिने वाकून राहिली की तशीच राहतात. एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तो तुकडा शोधल्याशिवाय थांबू नका, तो पाण्याच्या वाटेत वर कुठेतरी अडकलेला असतो. झिंकचे अॅनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) निम्मे खाल्ले गेले असतील तर बदला, आणि त्यांच्यावर रंग लावू नका. रंग लागला की अॅनोडचं कामच थांबतं. वरच्या भागावर जोरात पाणी मारायचं नाही, ओल्या फडक्याने मीठ पुसायचं आणि गंजरोधक स्प्रे मारायचा. काही जण डिझेल फासतात. त्याने रबरी नळ्या फुगतात.

ठेवायचं ते उभंच, लाकडी घोडीवर, म्हणजे पाणी आपोआप खाली निथळतं. आडवं ठेवावंच लागलं तर सगळं पाणी गळून गेल्यावर, आणि पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच. चुकीच्या कुशीवर फोर-स्ट्रोकचं तेल सिलिंडरमध्ये उतरतं. ताडपत्रीत घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी. उंदीर वायरी कुरतडतात आणि कुंभारीण माशी धारेच्या बारीक भोकात मातीचं घर करते, म्हणून त्या भोकात कापडाची चिंधी घाला आणि ती बाहेर लोंबती ठेवा, म्हणजे ऑगस्टमध्ये विसरायला होत नाही. बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याला एकदा चार्ज करा.

मालकाकडे पैसे कमी असतील, आणि हंगाम वाईट गेला तर ते असतातच, तेव्हा काय आधी करायचं ते तुम्हीच सांगायला हवं. माझा क्रम ठरलेला आहे: गोड्या पाण्याने धुणं, गिअर तेल, सिलिंडरमध्ये तेल. बाकीचं ऑगस्टवर ढकलता येतं. प्रत्येक इंजिनाची वही ठेवा: तेलाचा रंग, अॅनोड किती उरला, इम्पेलर कधी घातला. दुसऱ्या वर्षी मालक तुमच्याकडेच परत येतो तो या वहीमुळे.

शिक्षणाचं विचाराल तर आयटीआयचा मेकॅनिक डिझेल किंवा मोटर मेकॅनिक हा पाया चांगला. दहावीनंतर पुढे बोटींवरच जायचं असेल तर कोचीची 'सिफनेट' ही मासेमारी बोटींवरच्या कामाचं प्रशिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था १९६३ पासून आहे, तिथला मरीन फिटरचा अभ्यासक्रम बघा. तिची चेन्नई आणि विशाखापट्टणमलाही केंद्रं आहेत. पण आउटबोर्डचा हात किनाऱ्यावरच बसतो.

नारळी पौर्णिमेच्या आसपास मालक घाई करायला लागतात. तेव्हा चिंधी काढा, नवा इम्पेलर घाला, ताजं पेट्रोल भरा आणि इंजिन पिंपात चालू करा. आत सोडलेलं तेल जळताना पांढरा धूर भरपूर येतो, मालकाला ते आधीच सांगून ठेवा. धूर निवला की जुने प्लग काढून नवे लावा. पहिली फेरी खाडीतच मारा, सोबत वल्ही घेऊन, आणि परत आल्यावर गिअर तेलाचा खालचा स्क्रू थोडा सैल करून पुन्हा एकदा बघा.