चप्पल उचलण्याआधी सोंड बघा

पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र लॅबमध्ये मी तेवीस वर्षं काढली, आणि लेक आता सॅन अँटोनिओला असते. त्यामुळे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत ज्यांची ज्यांची मुलं टेक्ससला आहेत, ते सगळे मला व्हॉट्सअ‍ॅपवर किड्यांचे फोटो पाठवतात. "काकू, हाच का तो किसिंग बग?" म्हणजे रात्री झोपेत माणसाचं रक्त पिणारा तिकडचा किडा. बहुतेक फोटोंत किडा चपलेखाली चपटा झालेला. त्यावरून मी काय ओळखणार, कपाळ?

म्हणून सहा महिने मुलांकडे निघालेल्यांसाठी एकदाच लिहून ठेवते.

आधी चप्पल खाली ठेवा. हा किडा शागस नावाचा, पुढे हृदय-आतडी बिघडवणारा रोग पसरवतो, पण त्या रोगाचा परजीवी चाव्यातून येत नाही, किड्याच्या विष्ठेतून येतो. रक्त पिता पिता तो तिथेच घाण करतो, आपण झोपेत खाजवतो आणि ती घाण जखमेत नाहीतर डोळ्यात जाते. चिरडलात की आतड्यातलं सगळं फरशीवर. त्याऐवजी काचेची बरणी पालथी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा (जुनी लग्नपत्रिका उत्तम), बरणी उलटून झाकण लावा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. आमची बरणी खवलेल्या नारळाशेजारी बघून जावयांनी दोन दिवस सोलकढी घेतली नाही. किडा चालला ती जागा हातमोजे घालून पुसा, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी.

आता भिंग घ्या आणि डोकं बाजूने बघा. सगळी मेख सोंडेत आहे. किसिंग बगची सोंड सरळ, सडपातळ, डोक्याखाली मिटलेली, तीन सांध्यांची. त्याच्याच कुळातला शिकारी असॅसिन बग असेल तर सोंड जाड आणि आकड्यासारखी वाकडी. झाडाचा रस पिणाऱ्याची बारीक, लांब, चार सांध्यांची. बाकी खुणा नंतर: टेक्ससमधले किसिंग बग काळपट, साधारण दोन-तीन सेंटिमीटरचे, पोटाच्या कडेला बहुधा केशरी-पिवळे पट्टे. पाठीवर दातेरी चाक दिसलं किंवा मागचे पाय पानासारखे पसरट असले, तर तो आपला नव्हे.

सराव इथेच करा. पावसाळ्यात गॅलरीच्या ट्यूबलाइटवर असॅसिन बग येतात. फक्त माझ्यासारखा चिमटीत धरू नका. अंगठ्यात दाभण खुपसल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवशीही ठणकत होतं, तेही लॅबमध्ये पोरांना "हात लावू नका" सांगून झाल्यावर! किसिंग बग चावला तर बहुधा झोपमोडही होत नाही.

पुण्यात घाबरायचं कारण नाही. या गटातले थोडे किडे भारतातही आहेत, पण कार्लोस शागस यांनी 1909 मध्ये ब्राझीलमध्ये शोधलेला तो परजीवी अमेरिका खंडातला. त्याचा एक भाऊबंद गुराढोरांत सर्रा रोग करतो. 2004 मध्ये चंद्रपूरच्या एका शेतकऱ्याच्या रक्तात तो सापडला, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

तिकडे मला जास्त काळजी कुत्र्याची. लेकीचा बंड्या समोर आलेला किडा आधी खातो, मग विचार करतो, आणि कुत्र्यांना लागण बऱ्याचदा अशीच होते. पुढे हृदय निकामी होऊ शकतं. लस नाही, व्हेट रक्तातली प्रतिपिंडं तपासून देतात. रात्री त्याला घरात घ्या, मे ते ऑक्टोबर अंगणातला दिवा मालवा, सरपणाचा ढीग घरापासून लांब रचा. त्या ढिगात उंदीर राहतात, ओपोसम आणि रकून हे तिकडचे रानटी प्राणी फिरकतात, आणि किड्याला आयतं रक्त मिळतं.

अंथरुणात किडा सापडला तर डॉक्टरांना सांगून रक्त तपासा. ताप आला नाही म्हणून निवांत राहू नका. दहातल्या दोन-तीन रुग्णांना कित्येक वर्षांनी हृदयाचा किंवा आतड्यांचा त्रास सुरू होतो. बेन्झनिडॅझोल आणि निफुर्टिमॉक्स ही दोन औषधं लवकर दिली तर चांगली लागू पडतात.

बरणी फेकू नका. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाचे संशोधक लोकांनी पकडलेल्या किड्यांवरच काम करतात. आधी फोटो पाठवून विचारा. आणि लेबल लावा, त्याशिवाय नमुन्याला किंमत नाही. तारीख, गाव, घरात की बाहेर, किती वाजता. आमच्या बरणीवर मी पेन्सिलीने लिहिलं होतं: "बाथरूमच्या दाराशी, रात्री साडेअकरा, बंड्याच्या तोंडातून काढला."