फुगलेले व्हील नट बदलताना

गाडीसोबत आलेला पाना डिकीतून काढा आणि चारही चाकांच्या प्रत्येक नटावर हाताने बसवून पाहा. तो तळापर्यंत सरकन गेला पाहिजे. अर्ध्यात अडला किंवा ठोकून बसवावा लागला, तर नट फुगलाय असं समजा. पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला हे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

फुगणारे नट दोन भागांचे असतात: आत लोखंडी नट आणि वर चकचकीत पातळ टोपी. टोपीच्या कडेने पाणी शिरतं, आतलं लोखंड गंजतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून टोपी बाहेर ढकलली जाते. त्यात एअर गनचे, म्हणजे गॅरेजमध्ये हवेच्या दाबाने नट फिरवणाऱ्या यंत्राचे, दणके तिचे कोपरे गोल करतात. १९ मिमीचा नट १९.५ झाला की १९ चा पाना बसत नाही आणि २० चा घसरतो. टोपी ठोकून सारखी करायच्या भानगडीत पडू नका. एक-दोनच फुगले असले तरी सगळे बदला, कारण बाकीचेही त्याच वाटेवर असतात. नवे घ्या ते एकसंध, टोपी नसलेले.

घेताना चार गोष्टी जुळवा. पहिली म्हणजे आटे: एम १२ × १.५, एम १२ × १.२५ आणि एम १४ × १.५ हे नेहमीचे (पहिला आकडा स्टडची जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मिमीत; स्टड म्हणजे चाकातून बाहेर आलेला, नट बसतो तो बोल्ट). १.५ च्या स्टडवर १.२५ चा नट एखाद-दोन फेरे जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की दोघांचेही आटे मेले. दुसरी गोष्ट बैठक, म्हणजे नटाचा रिमवर टेकणारा भाग. ती ६० अंशांची शंकूसारखी, गोलाकार किंवा वॉशरसह सपाट असते आणि रिमच्या भोकाशी तंतोतंत जुळावी लागते. गोलाकार भोकात शंकूचा नट जेमतेम एका रेषेवर टेकतो, वरून घट्ट वाटतो आणि चालत्या गाडीत ढिला होतो. तिसरी खोली: बंद तोंडाचा नट उथळ असेल तर स्टड आत टेकतो, टॉर्क रेंच (ठरवलेला पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, आला की कळवणारा पाना) टिक करतो, पण रिम दाबलेलीच नसते. चौथी, पान्याचं माप.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण्या. जॅक लावायची गरज नाही. एका वेळी एकच नट काढायचा आणि त्या जागी नवा लावायचा, म्हणजे चाक जागचं हलत नाही. सॉकेट (नटावर बसणारी पान्याची वाटी) सहा कोनीच वापरा, बारा कोनी कोपरे खातो. फुगलेला नट दाद देत नसेल तर डोळ्यांना चष्मा लावून छिन्नीने टोपीची कड उचकटा आणि टोपी सोलून काढा. आतला नट थोडा लहान निघतो, त्याला घट्ट बसेल तो सॉकेट लावा. टोपी सॉकेटमध्येच अडकली तर मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून बाहेर ठोका. तेही जमलं नाही तर उलट्या पेचाचा एक्स्ट्रॅक्टर सॉकेट, म्हणजे गोल झालेल्या नटात रुतून तो सोडवणारा. गॅसची ज्योत मात्र चाकाजवळ आणू नका, तापलेला टायर फुटू शकतो.

स्टड तारेच्या ब्रशने कोरडा साफ करा. तेल-ग्रीस नको: कंपनीने दिलेला टॉर्क बहुधा कोरड्या आट्यांसाठी असतो, तेलावर तोच आकडा स्टडला जास्त ताणतो. आटे चपटे किंवा ताणलेले दिसले तर स्टडही बदला.

नवा नट बोटांनी फिरवा आणि फेरे मोजा. टेकेपर्यंत १.५ च्या आट्यांवर एम १२ ला किमान ८, एम १४ ला ९-१० फेरे मिळायला हवेत, १.२५ वर एम १२ ला १०. कमी मिळाले तर तो नट लावू नका. मग टॉर्क रेंच. एम १२ ला साधारण ९० ते १२० न्यूटन-मीटर लागतात, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच अंतिम. सगळे बदलून झाले की समोरासमोरचे नट घेत पुन्हा एक फेरी मारा, आणि ८०-१०० किमी चालवल्यावर आणखी एकदा तपासा.

नव्या नटाचं डोकं २१ मिमीचं असेल तर डिकीत २१ चा पाना ठेवा. काढलेले नट सुटे म्हणून ठेवू नका, भंगारात टाका.