गेमिंगसाठी प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमची तुलना कशी करावी, नागपूरच्या उन्हाळ्यासकट

नागपूरच्या बर्डीवर गेमिंग पीसीची चौकशी करायला गेलं की बजेट सांगितल्या सांगितल्या समोरून ऐकू येतं, "भाऊ, याच्यात चोवीस कोअर आहेत, काहून कमी घेता?" रेंडरिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यासाठी तो सल्ला बरोबरच आहे. कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्रपणे काम करणारं एकक. गेमचं गणित वेगळं असतं. ते घरच्या घरी, फुकटच्या सॉफ्टवेअरवर तपासता येतं. आपला पीसी आणि एखाद्या मित्राचा पीसी हाताशी असला की झालं.

पायरी १ : अडतंय कुठे ते शोधा

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिवाट्यूनर टाका. नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डाचा वापर दिसू द्या. तो सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्डच थकलंय. प्रोसेसर कितीही महागाचा आणला तरी तिथे फारसा फरक पडणार नाही, पैसे कार्डासाठी राखून ठेवा.

खात्री हवी असेल तर रिझोल्यूशन १४४० वरून ७२० वर आणा. फ्रेम (दर सेकंदाला स्क्रीनवर येणारी चित्रं) भसकन वाढल्या तर कार्ड अडत होतं. जागच्या जागी राहिल्या तर प्रोसेसर. प्रोसेसरचा एकूण वापर ३० टक्केच दिसतोय म्हणून तो मोकळा आहे असं मात्र समजू नका. थ्रेड म्हणजे प्रोसेसरवर चालणारी कामाची एक रांग. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम सहा टक्के दिसतो. आणि बहुतेक गेम त्या एकाच थ्रेडपाशी अडतात.

पायरी २ : कोअर मोजण्याआधी त्यांची जात बघा

१४४ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.९ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम लागते. तेवढ्या वेळात गेमचा मुख्य थ्रेड खेळाडूंच्या हालचाली, धडका, नियम सगळं निपटून ग्राफिक्स कार्डाला काम नेमून देतो. फिजिक्स, आवाज वगैरे कामं दुसऱ्या कोअरवर वाटता येतात, पण मुख्य थ्रेडची कामं एकामागून एकच होतात. सावजीच्या एका पातेल्याभोवती सोळा आचारी उभे केले म्हणून रस्सा लवकर उकळत नाही.

म्हणून इथे दोन गोष्टी वजनदार ठरतात : एका कोअरचा वेग आणि कॅश, म्हणजे चिपवरचीच छोटी पण वेगवान मेमरी. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण एएमडीचे रायझेन ७ ५८००एक्स आणि २०२२ मध्ये आलेला ५८००एक्स३डी. दोघांनाही आठच कोअर. ३डीचा कमाल वेग उलट कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. फक्त एल३ कॅश ३२ एमबीच्या जागी ९६ एमबी, आणि बऱ्याच गेममध्ये तोच पुढे. गेमला लागणारा डेटा चिपवरच सापडला की रॅमपर्यंतचे हेलपाटे वाचतात. पुढच्या पिढीतही तसंच झालं : आठ कोअरचा ७८००एक्स३डी बहुसंख्य गेममध्ये सोळा कोअरच्या ७९५०एक्सला मागे टाकतो.

इंटेलच्या डब्यावरचा आकडा वाचताना जास्त सावध राहा. १२ व्या पिढीपासून बऱ्याच चिपवर दोन प्रकारचे कोअर येतात, ताकदीचे पी-कोअर आणि काटकसरी ई-कोअर. आय५-१३६००केचे चौदा कोअर म्हणजे सहा पी आणि आठ ई. आय९-१४९००केचे चोवीस म्हणजे आठ पी आणि सोळा ई. आय५-१२४००एफला सहाच आहेत, पण सहाही पी-कोअर. वेग आणि कॅश जास्त असल्यामुळे १३६००के गेममध्येही १२४००एफच्या पुढेच असतो, पण चौदा भागिले सहा या हिशेबाने मुळीच नाही.

माझं मत विचाराल तर सहा चांगले कोअर आणि बारा थ्रेड ही आजची सुरुवातीची रेष. आठ कोअर घेतले तर निवांत. त्याच्या वरचे पैसे गेमसोबत स्ट्रीमिंग किंवा एडिटिंग करणाऱ्यानेच घालावेत. आणि सिनेबेंचच्या मल्टी-कोअर आकड्यावरून गेमिंगचा निकाल लावू नका, ती चाचणी सगळ्या कोअरना एकदम जुंपते.

पायरी ३ : बाकी सगळं सारखं करा

दोन प्रोसेसरांची तुलना करायची तर ग्राफिक्स कार्ड तेच, ड्रायव्हर तोच, गेमची आवृत्ती तीच. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेम लिमिट बंद. सगळ्यात जास्त घोळ रॅमचा असतो. जुळवलेल्या पीसीत बरेचदा १६ जीबीची एकच पट्टी टाकून देतात. ८-८ च्या दोन टाकल्या तर ड्युअल चॅनल, म्हणजे रॅमकडे जायला एकाच वेळी दोन वाटा, मिळतं आणि प्रोसेसरवर अडणाऱ्या गेममध्ये ते लगेच जाणवतं. दुसरं, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय, चालू आहे का ते बघा. नसेल तर ३२०० ची डीडीआर४ रॅम बिचारी बरेचदा २१३३ किंवा २४०० वर चालत राहते.

पायरी ४ : मोजा

फ्रेम मोजायला विंडोजवर कॅपफ्रेमएक्स, लिनक्सवर (विंडोजला पर्याय असलेली फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) मँगोहड. दृश्य तेच असावं, म्हणून गेममधलाच बेंचमार्क (वेग मोजायची ठरलेली चाचणी) असेल तर उत्तम. 'शॅडो ऑफ द टूम रेडर'चा बेंचमार्क प्रोसेसरचे आकडे वेगळे दाखवतो आणि हा गेम लिनक्सवरही उपलब्ध आहे, त्यामुळे आपल्या कामाला अगदी सोयीचा. पहिली फेरी सोडून द्या, त्यात शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात. पुढच्या तीन फेऱ्यांतला मधला आकडा धरा.

सरासरी एफपीएससोबत (दर सेकंदाच्या फ्रेम) '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग, लिहून ठेवा. सरासरी १५० आणि लो ५५ असलेला पीसी ऐन चकमकीत अडखळेल. १२५ आणि ९५ वाला हाताला गुळगुळीत लागेल. मी दुसरा घेईन.

पायरी ५ : मे महिन्यात परत मोजा

परदेशी रिव्ह्यूमधले आकडे साधारण २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. आपल्याकडे मेमध्ये बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ४० अंश सहज असतात. हवेवर चालणारा कोणताही हीटसिंक खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की प्रोसेसरचं तापमानही जवळपास तेवढंच वर सरकतं. रायझेन ७०००च्या साध्या (३डी नसलेल्या) चिपची मर्यादा ९५ अंश, ७८००एक्स३डीची ८९, इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या के चिपची (नावाच्या शेवटी के असलेल्या) १००. तिथे पोचल्यावर चिप स्वतःहून वेग कमी करते. म्हणजे डिसेंबरात जिंकलेला प्रोसेसर मेमध्ये हरू शकतो.

तपासायला एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये लॉग (नोंद) चालू करा, दुपारी तीनच्या सुमारास अर्धा तास खेळा, आणि तापमानासोबत कोअरचा वेग व पॅकेज पॉवर (पूर्ण चिप खाते ती वीज) बघा. वॅटचा आकडा इथे फार बोलका. १४९००केची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे. ७८००एक्स३डी गेममध्ये बहुतेकदा शंभराच्या आतच राहतो. हे सगळे वॅट शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन बसतात आणि ती बाहेर काढायचं काम खोलीतल्या तुमच्या पाण्याच्या कूलरचं.

कूलरवरून एक सांगतो. कॅबिनेट त्याच्या थेट झोतात ठेवू नका. थेंब उडतात आणि पाण्यातले क्षार पंख्यांवर पांढरे बसतात. खिडकी उघडी ठेवून झोत आडवा जाऊ द्या. तरीही चिप तापत असेल तर बायोसमधून पॉवर लिमिट उतरवा. रायझेनवर ६५ वॅटचा इको मोड मिळतो. गेममध्ये त्याने फारच थोड्या फ्रेम जातात.

पायरी ६ : विंडोज की लिनक्स?

आधी खेळांची यादी करा, कारण इथे वेगाच्या आधी गेम चालतो की नाही हाच प्रश्न आहे. रात्रभर व्हॅलोरंट खेळणाऱ्या पोट्ट्यांना पर्याय नाही. त्याचं व्हॅनगार्ड अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारं सॉफ्टवेअर) लिनक्सवर चालत नाही, फोर्टनाइटचंही तेच. एपेक्स लेजेंड्सने २०२४ मध्ये लिनक्सचं दार लावून घेतलं. उलट काउंटर-स्ट्राइक २ ची लिनक्स आवृत्ती आहे, आणि स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्व्हने २०१८ मध्ये आणलेल्या प्रोटॉनमुळे (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) स्टीमवरचे एकट्याने खेळायचे बहुतेक गेम चालतात.

यादी पास झाली तर वेगळ्या एसएसडीवर लिनक्स टाका आणि पायरी ४ पुन्हा करा. एएमडीच्या कार्डावर निकाल बरेचदा विंडोजच्या बरोबरीचा येतो. एनव्हिडियावर डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) चे काही गेम मागे पडतात.

विंडोजमधल्या विंडोजमध्येही फरक असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली तेव्हा रायझेनवर एल३ कॅश मंदावत होती. एएमडीने ते मान्य केलं आणि त्याच महिन्यात दुरुस्ती आली. २०२४ च्या अपडेटमध्ये रायझेनच्या काही गेममध्ये फ्रेम वाढल्या. म्हणून जुन्या रिव्ह्यूची तारीख बघून मगच त्यावर विश्वास ठेवा. कोणतं काम पी कोअरला आणि कोणतं ई कोअरला द्यावं ते सुचवणाऱ्या इंटेलच्या थ्रेड डायरेक्टरचा पुरेपूर उपयोग विंडोज ११ करते. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा आता नव्या पीसीसाठी तिचा विचार नकोच. विंडोजच्या सुरक्षा सेटिंगमधल्या कोअर आयसोलेशनमधली मेमरी इंटेग्रिटी बंद केली की काही फ्रेम मिळतात, पण सुरक्षितता कमी होते. बँकेचे व्यवहार त्याच पीसीवर करत असाल तर ती चालूच ठेवा. तुलना करताना मात्र दोन्ही पीसीवर ती एकाच स्थितीत हवी.

पायरी ७ : घेताना

सॉकेट (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) विचारा. एएमडीच्या एएम५ वर पुढचा प्रोसेसर टाकायला जागा आहे. एएम४ आणि इंटेलचा एलजीए १७०० आता शेवटाला आलेत, पण स्वस्तात चांगले जमतात. वापरलेली इंटेल १३ वी किंवा १४ वी पिढी, विशेषतः के मालिका, मिळत असेल तर आधी बायोस अपडेट करून तपासा. जास्त व्होल्टेजमुळे या चिप अस्थिर होत होत्या, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचना) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दुरुस्ती पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणून विकणाऱ्याकडे मूळ बिल मागा आणि त्याच्यासमोरच तासभर गेम चालवून बघा.